गल्लीभर सोडलेला व्हिडिओ गेम

त्या दिवशी सांगलीत वारं पार थांबलेलं होतं. एप्रिल सरत आलेला. आभाळात ढग होते, पण नुसते बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे. वर येऊन उभे राहिले आणि पुढं काहीच बोलेनात. दोरीवर वाळत घातलेलं माझं धोतर हलत नव्हतं. नळाखालच्या ओल्या फरशीवर गल्लीतलं कुत्रं पसरलं होतं. त्याला भाकरी टाकली, तर ते तोंड पुढं करीना. भाकरीनंच आणखी थोडं सरकावं म्हणून वाट बघत होतं.

अशा दिवशी माणसानं पंख्याखाली पडून राहावं. मी पडलोही होतो. पण पायलच्या तोंडाकडं माझं लक्ष गेलं, आणि मी उठलो. तिथंच चुकलं.

पायल माझी नात. आमचा प्रशांत साताऱ्याला नोकरीला असतो, त्याची मुलगी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती सांगलीला येते आणि आमच्या घरात माणसं राहतात असं वाटायला लागतं. (एरवी मी आणि माझी बायको साळूबाई असतोच, पण आम्ही एकमेकांना इतके पाठ झालोय की आता मोजत नाही.) यंदा येताना तिनं व्हिडिओ गेम आणला होता. एक काळा डबा, तो टीव्हीला जोडायचा, वरनं कॅसेट खुपसायची, आणि दोन वायरींना दोन जॉयस्टिका. पडद्यावर एक तांबडा माणूस आणि एक हिरवा माणूस. दोघांनी मिळून पळायचं, फळं गोळा करायची, बेडूक चुकवायचे, खड्डे ओलांडायचे. खेळ दोघांचा. एकट्यानं खेळलं तर हिरवा माणूस कोपऱ्यात उभा राहून नुसता बघतो, अगदी लग्नात मान न मिळालेल्या पाहुण्यासारखा.

तो हिरवा माणूस होता शेजारच्या ऋचाचा. दोघी सुट्टीतल्या मैत्रिणी. वर्षभर पत्रं लिहितात. आणि नेमक्या पायल आली त्याच आठवड्यात ऋचाला कांजिण्या आल्या. दार बंद, दारावर कडुलिंबाचा डहाळा. तिची आई शकुंतलाबाई बोळातल्या खिडकीतनं सांगायच्या, "पायल, बाळा, अजून बरेच दिवस इकडं यायचं नाही हं."

त्या दिवशी पायल माझ्या उशाशी येऊन बसली.

"आजोबा, मी बूथवरनं पप्पांना फोन करणार आहे. रविवारी न्यायला या म्हणून."

"का गं? आजी काय म्हणली?"

"नाही. पण इथं मी कुणाबरोबर खेळू?"

"माझ्याबरोबर खेळ की."

तिनं माझ्याकडं बघितलं. मोठे साहेब पाहणीला आले की आमच्या जुन्या कालव्याकडं असंच बघायचे. आहे ठीक, पण ह्यातनं काय व्हायचंय?

आता माझं सांगतो. शाळा मी बाहेरूनच पाहिली. पण उभा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून गेला. पाटकरी म्हणजे पाट फिरून दारं उघडणारा, दारं झाकणारा, कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा माणूस. त्यामुळं कुठलीही अडचण आली की मी पहिल्यांदा एवढंच बघतो, की पाणी कुठनं येतंय, कुठं जायला पाहिजे, आणि मध्ये कुणाचं दार आहे.

पडल्या पडल्या मी विचार केला. गेम आमच्या घरात. ऋचा त्यांच्या घरात. पोरगी तिकडं न्यायची नाही, पोरगी इकडं आणायची नाही. मग गेमच तिकडं वाहून न्यायला काय हरकत आहे?

दोन कामं होती. एक, हिरव्या माणसाची जॉयस्टिक बोळ ओलांडून ऋचाच्या खिडकीत पोचवायची. दोन, आमच्या टीव्हीवरचं चित्र तिच्या टीव्हीवर दिसलं पाहिजे.

पहिलं काम सोपं. घरात जुन्या बेलची वायर गुंडाळून ठेवलेली होती. जॉयस्टिकची वायर मधोमध कापली (पायलनं डोळे झाकून घेतले), आतले बारके रंगीत धागे एकेक जोडले, चिकटपट्टी लावली. घाई मला येतच नाही, त्यामुळं काम बरं झालं. फक्त माझ्या डोळ्यांना निळं आणि हिरवं एकसारखंच दिसतं. पुढं ऋचानं डावं दाबलं की माणूस उजवीकडं जायला लागला. पण ती गुणी पोर. तक्रार न करता उलटं दाबायला शिकली.

वायर खिडकीतनं सोडणार, तेवढ्यात साळूबाई कमरेवर हात ठेवून आली.

"हे काय चाललंय?"

"वायर सोडतोय ऋचाकडं."

"आवं, तिच्या अंगावर कांजिण्या आल्यात. आन् तिच्या हातातली वायर आपल्या घरात?"

"वायरीतनं कांजिण्या येत न्हाईत."

"तुमाला काय ठावं? वायरीतनं चित्र येतंय, गाणी येत्यात, बातम्या येत्यात. मग कांजिण्याच कशा न्हाई येणार?"

शेवटी तिनं लिंबाचा पाला आणून वायरीला हातहात अंतरावर बांधला, आणि मगच वायर बोळापलीकडं गेली. पलीकडं शकुंतलाबाईंनी ती धरली, पाला बघून हात जोडले आणि जॉयस्टिक ऋचाच्या खाटेवर नेऊन दिली. त्यांनी खाट आधीच टीव्हीसमोर आणली होती.

आता दुसरं काम. केबल आमच्याकडं तेव्हा नुकतीच आली होती. केबलवाला अर्जुना, त्याची मोठी वायर गल्लीत यायची ती पहिल्यांदा आमच्या जिन्याखाली. तिथं त्यानं एक पत्र्याचा डबा बसवला होता. त्याला तो बूस्टर म्हणायचा. डब्याला लाइट आमच्या घरातली, म्हणून आम्हाला केबल फुकट. त्या डब्यातनं पुढं वायर गल्लीभर, घरोघर.

मी जिन्याखाली बसलो आणि त्या डब्याकडं बघत राहिलो. बराच वेळ बघत राहिलो. आणि मला एकदम ओळख पटली. अहो, हे तर दारच आहे! वरनं पाणी येतंय, डब्यात पडतंय, तिथनं पाटाला लागतंय. पहिलं शेत माझं, दुसरं ऋचाचं. मग झालं की! वरचं पाणी घडीभर बंद करायचं आणि गेमचं पाणी पाटाला सोडायचं.

तुम्ही म्हणाल, मग ते बाकीच्या घरांत जाईल. हा विचार मी केला नाही असं नाही. पण माझा जन्माचा अनुभव काय सांगतो? थोडं पाणी सोडलं की वरची दोन शेतंच पिऊन टाकतात. टेलला, म्हणजे पाटाच्या पार शेवटाला, ते कधी पोचत नाही. टेलच्या माणसांच्या तक्रारी ऐकण्यात माझी नोकरी गेली. आणि पायलचा डबा तो केवढा? त्यातनं येऊन येऊन येणार किती? दोन घरं भिजली की संपलं. आता बाकीच्यांची केबल थोडा वेळ बंद पडेल. पण असल्या उन्हात दुपारचं टीव्ही कोण बघतंय?

(त्या दिवशी वाळवंटातल्या कुठल्याशा गावी आपल्या संघाची मॅच होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या डब्याला बूस्टर का म्हणतात, हेही नव्हतं सांगितलं.)

अर्जुनाची वायर काढली, पायलच्या डब्याची खुपसली. साळूबाईनं बूस्टरलाही एक डहाळी बांधली. आणि बोळातनं किंकाळी आली, "आलंऽऽ! पायल, आलं गं! मी हिरवी!"

पुढं काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण मी गेम बघत नव्हतो, पायलकडं बघत होतो. ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती आणि खिडकीकडं तोंड करून ओरडत होती, "ऋचा, बेडूक! उडी मार! अगं उलटं दाब, उलटं!" तिकडनं हसण्याचा आवाज. शकुंतलाबाई म्हणाल्या, पोर आठ दिवसांत पहिल्यांदा अंग खाजवायचं विसरली. रविवारचं नाव कुणी काढलं नाही. मी भिंतीला टेकून बसलो. एवढं गार मला पंख्याखालीही वाटलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी खेळ थांबला. ऋचाला औषधानं झोप लागली, पायलही जेवून तिथंच लवंडली. तांबडा माणूस पडद्यावर एकटाच उभा. जॉयस्टिक माझ्या पायाशी.

इथंच मी जिन्याखाली जाऊन वायर काढायला पाहिजे होती. पण मला वाटलं, आपण जरा सराव करावा. सकाळी 'माझ्याबरोबर खेळ' म्हटल्यावर पोरीनं ज्या नजरेनं बघितलं होतं ती नजर मोडून काढायची. पोरगी झोपलीय, घरात कोणी नाही, साळूबाई गहू निवडतेय. आपण पडलो तर बघतंय कोण?

मी बटण दाबलं. माणूस चालायला लागला. थोडं पुढं गेला आणि समोर एक पाट आला. खरोखरीचा पाट! निळंशार पाणी, दोन्ही कडांना दगडी बांध. मला बरंच वाटलं. आता पाट दिसला की थांबायचं आणि पाणी किती आहे ते बघायचं, ही माझी हाडात मुरलेली सवय. मी माणसाला कडेला उभा केला आणि पाणी बघू लागलो. तेवढ्यात मागनं बेडूक आला आणि त्यानं मला आत ढकललं.

त्याच क्षणी बाहेरनं आवाज आला, "आराराराऽऽ!"

मी दचकलो. साळूबाई म्हणाली, "मॅच हाय वाटतं आज. शकुंतलाबाई सकाळी म्हणत हुत्या."

मॅच! आणि मी केबल तोडून बसलेलो. पण मग मनाशी म्हटलं, आवाज येतोय म्हणजे लोकांनी रेडिओ लावलेला दिसतोय. चाललंय त्यांचं. आपला खोळंबा कुणाला नाही.

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा पाट. ह्या खेपेला बेडकाला पुढं जाऊ द्यावं म्हणून मी बाजूला सरकून उभा राहिलो. बाजूला म्हणजे पाण्यातच. बाहेर, "आराराराऽऽ!"

"गेली वाटतं आणखी एक इकेट," साळूबाई म्हणाली.

"आज आपली माणसं काय धड खेळंनात," मी म्हणालो.

तिसऱ्या खेपेला मी वेळेवर उडी मारली, पण जागच्या जागी. चौथ्या खेपेला लांब मारली, पण मागं. दर वेळी बाहेर तोच आवाज. मला आपल्या संघाची काळजी वाटायला लागली. काय योगायोग बघा, मी इकडं पडायचो आणि तिकडं विकेट पडायची! एकदा तर चुकून दोन बटणं एकदम दाबली गेली आणि माणूस पाटावरनं अलगद पलीकडं गेला. त्यासरशी गल्लीत शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवला.

"छक्का!" मी साळूबाईला म्हणालो. "आता खेळायला लागले."

पलीकडच्या काठावर मी जरा दम खायला थांबलो. तिथं दुसरा बेडूक होता.

"आराराराऽऽ!"

साळूबाईनं सूप खाली ठेवलं.

"आवं, एका संघात माणसं किती असत्यात?"

"अकरा."

"मग मघाधरनं मी मोजतीया, पंधरा तर गेली!"

माझा हात जॉयस्टिकवरच थांबला. मी खिडकीकडं बघितलं. मग टीव्हीकडं. मग हळूच, मुद्दाम, तांबड्या माणसाला पाटाच्या कडेला नेलं आणि आत सोडलं.

"आराराराऽऽ!" सगळी गल्ली म्हणाली. आणि पाठोपाठ एक आवाज स्पष्ट आला, "कोण हाय रं ह्यो बावळट?"

पुढं माणसं आलीच. सगळ्यांत पुढं लालासाहेब. त्यांचं घर गल्लीच्या पार शेवटाला. शर्टाची बटणं उघडी, हातात टीव्हीचा रिमोट तसाच.

"आप्पा, हे तुमचं काम व्हय?"

"काय झालं, लालासाहेब?"

"काय झालं? मॅच रंगात आलीया, आन् टीव्हीवर समद्या नंबरांवर मुंग्या! बटणं फिरवून फिरवून बोट दुखलं, तर एका नंबरावर ह्यो तांबडा गडी, पाण्यात पडतुया!"

"तुमच्या घरापातूर आलं?" मला खरंच वाटेना.

"आलं म्हंजे? काचंगत साफ आलं! बेडकाच्या मिश्या मोजून घ्याव्या असं!"

उभ्या जन्मात टेलच्या माणसानं माझ्याकडं येऊन 'आलं' अशी तक्रार केली नव्हती.

मागनं अर्जुना आला. घामानं निथळत. बिचारा मघापासून भर उन्हात गच्चीवर चढून आपली डिशची मोठी छत्री फिरवत बसला होता. त्यानं जिन्याखाली वाकून बघितलं.

"आप्पा, माझ्या बूस्टरला लिंब कुणी बांधला?"

"मी," साळूबाई म्हणाली.

"कशाला?"

"कांजिण्या गल्लीभर जाऊ नयेत म्हणून."

अर्जुनानं तिच्याकडं बघितलं, डहाळीकडं बघितलं, आणि स्वतःची वायर परत लावली. मॅच सुरू झाली. (संपत आलेली होती. कोण जिंकलं हे मी आजतागायत विचारलेलं नाही.) मग तो वळून म्हणाला, "आप्पा, तुमी बापाच्या जागी हाय म्हणून बोलत न्हाई. पर हा डबा मी उद्याच दुसऱ्याच्या जिन्याखाली नेणार."

आवाजानं पायल उठून दारात आली होती. डोळे चोळत तिनं सगळं ऐकलं. डबा जाणार म्हणजे हिरवा माणूस जाणार. ती आत गेली आणि खुंटीवरची आपली पिशवी काढून कपडे भरायला लागली.

ते बघितलं आणि मला राहवेना. भांडण मला जमत नाही. कालव्यावरही कधी जमलं नाही. मी लालासाहेबांना हात धरून आत नेलं, बोळातली वायर दाखवली, वायरीवरचा लिंबाचा पाला दाखवला. पलीकडं खिडकीत ऋचा उठून बसली होती, सगळ्या तोंडावर फोड, हातात जॉयस्टिक. तिनं विचारलं, "आप्पा आजोबा, परत लावताय ना?"

लालासाहेब खोकले. बाहेर येऊन अर्जुनाला म्हणाले, "दोन्ही एकदम न्हाई का सोडता येत रं?"

"एकात एक मिसळतंय, लालासाहेब. बेडूक खेळपट्टीवर बसंल."

"मग आवर्तन लावू, पाळीपाळीनं सोडू," मी म्हणालो. ह्या एका गोष्टीतलं मात्र मला कळतं. "मॅच असंल तवा तुमचं. संध्याकाळी मालिका, बातम्या, तुमचं. दुपारी जेवणं झाल्यावर पडदा मोकळाच असतुया, तेवढा पोरींचा. ऋचा बरी हुईपातूर. दार मी स्वतः उघडीन, मी स्वतः झाकीन. एक मिनिट हिकडं-तिकडं हुणार न्हाई."

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी मान हलवली, कुणी हसलं. अर्जुना म्हणाला, "आन् माझ्या बूस्टरचा लिंब?"

"त्यो ऱ्हाणार," साळूबाई म्हणाली. "लाइट आमची हाय."

ठरलं. मी आत जाऊन पायलला सांगितलं. तिनं पिशवीत भरलेला फ्रॉक बाहेर काढला, पण घडी मोडेना.

"मी शाळा सुरू होईपर्यंत राहीन, आजोबा. पण एक अट."

"बोल की."

"तुम्ही जॉयस्टिकला हात लावायचा नाही. ऋचा म्हणते, सगळी गल्ली विचारतेय तो कोण होता. मी सांगितलं, पाहुणे होते. गेले."

मी अट मान्य केली. पाहुणा तर पाहुणा. नात राहिली ना!

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी घड्याळ बघून वायर बदलली. पोरी सुरू झाल्या. काय खेळत होत्या! बेडकाला अंगाला शिवू देईनात, पाट आला की दोघी एका दमात पार. मी जिन्याच्या पायरीवर बसून नुसतं ऐकत होतो. कालव्यावर सगळी दारं बरोबर बसली की पाण्याचा एकसारखा आवाज येतो, तसं वाटत होतं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडनं लालासाहेब येताना दिसले. आता काय बिघडलं?

"आप्पा, बसलाय व्हय?"

"बसलोय. चित्र येतंय न्हवं टेलला?"

"येतंय की. झ्याक येतंय."

"आवाज?"

"त्यो बी येतुया." लालासाहेब शेजारी पायरीवर टेकले. जरा इकडंतिकडं बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरी लय चांगल्या खेळत्यात, आप्पा, त्यात वाद न्हाई. पर त्या पडतच न्हाईत, मग बघायचं काय? काल आमची म्हातारी आई हसून हसून उशीवर आडवी झालती. आज सकाळधरनं टीव्हीफुडं बसलीया आन् एकच इचारतीया, त्यो पडणारा कवा येणार?"